पांघरूण आणि पदर: लपवलेल्या पापाची कबुली कशी द्यायची

मराठीत ‘पांघरूण घालणं’ याचे दोन अर्थ होतात. कुणी भानगड दडपली की आपण म्हणतो, त्याने प्रकरणावर पांघरूण घातलं. आणि आई रात्री उठून लेकराच्या अंगावर घालते तेही पांघरूणच. बायबलमधलं ३२वं स्तोत्र नेमकं या दोन अर्थांवर उभं आहे, आणि मूळ हिब्रूतही ते तसंच आहे. ज्याच्या पापावर पांघरूण घातलं गेलं तो धन्य, असं पहिली ओवी म्हणते. पाचवी ओवी म्हणते, मी माझ्या अनीतीवर पांघरूण घातलं नाही. दोन्हीकडे क्रियापद एकच. पहिल्या ठिकाणी झाकणारा देव आहे, दुसऱ्या ठिकाणी झाकणं सोडून देणारा माणूस. एका पापावर दोघांची पांघरुणं बसत नाहीत. माणसाने आपलं काढलं की देव आपलं घालतो.

नव्या करारात योहानाच्या पहिल्या पत्रातलं एक वचन (१:९) कबुलीच्या संदर्भात सगळ्यात जास्त वेळा सांगितलं जातं. मराठी बायबलमध्ये तिथे ‘पापे पदरी घेतो’ असा शब्दप्रयोग आहे. ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ ‘तेच म्हणणं’. देव त्या कृत्याला ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने आपणही मारायची. देव चोरी म्हणत असेल तर आपण ‘तात्पुरती उचल’ म्हणायचं नाही. पदरी घेणं यात आणखी एक गोष्ट येते: हे माझं आहे, दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकण्यासारखं नाही.

लपवलेलं पाप जागच्या जागी राहत नाही

दावीद राजाचं प्रकरण (२ शमुवेल ११ आणि १२) तपशिलात वाचलं तर लपवण्याचा खर्च कळतो. सुरुवात एका व्यभिचारापासून. बथशेबा गरोदर राहिल्याचं कळल्यावर दावीद तिच्या नवऱ्याला, उरीयाला, रणांगणावरून बोलावून घेतो, म्हणजे मूल त्याचं वाटावं. उरीया घरी जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याला दारू पाजली जाते, तरी जात नाही. शेवटी सेनापती यवाबाला पत्र जातं, की याला लढाईच्या तोंडावर ठेवून मागे सरा. आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिलेलं आहे. एक पाप झाकायला फसवणूक, मग नशा, मग खून, आणि त्या खुनात दुसऱ्या माणसाला सामील करून घेणं. नाथान संदेष्टा दारात येतो तेव्हा मूल जन्मलेलं आहे. म्हणजे निदान नऊ महिने राजा दरबार भरवतो, न्यायनिवाडे करतो, आणि आतून पोखरला जातो.

दावीदाच्या नावावरच्या ३२व्या स्तोत्रात त्या काळातल्या शरीराचं वर्णन आहे: गप्प राहिलो तेव्हा हाडं झिजली, दिवसभर कण्हत होतो, उन्हाळ्यात ओल आटावी तसा रस आटला. आजही लपवलेल्या पापाच्या खुणा अशाच दिसतात: झोप उडणं, प्रार्थनेत बसवत नाही असं होणं, देवळात एखादं वचन वाचलं की मान खाली जाणं, आणि दुसऱ्याच्या त्याच पापावर वाजवीपेक्षा जास्त चिडणं. ही शेवटची खूण फार बोलकी आहे. नाथानाने गरिबाची मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद संतापून म्हणाला, तो मरणदंडालाच पात्र आहे. मेंढीच्या चोरीला नियमशास्त्रात शिक्षा चौपट भरपाईची होती, मरणाची नव्हती.

एकच वाक्य, चार माणसं

‘मी पाप केलं आहे.’ हे वाक्य बायबलमध्ये बरेच जण म्हणतात, आणि सगळ्यांचं सारखं होत नाही. मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो म्हणतो, कारण गारांचा मारा थांबायला हवा आहे. गारा थांबतात आणि तो पुन्हा पहिल्यासारखा. शौल राजा शमुवेल संदेष्ट्यापुढे म्हणतो, पण लगेच जोडतो की मी लोकांना भ्यालो. थोड्या वेळाने पुन्हा म्हणतो, आणि या खेपेला मागणी करतो की वडीलजनांसमोर माझा मान राख. कबुली चालू असताना डोळा प्रतिष्ठेवर आहे. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योतही म्हणतो, त्यासाठी घेतलेली चांदीची ३० नाणी परतही करतो. त्याचं दुःख खोटं नव्हतं. पण तो गेला याजकांकडे, आणि त्यांनी ‘त्याचं आम्हाला काय?’ म्हणून झटकलं. ज्याचा विश्वासघात केला त्याच्याकडे तो परतलाच नाही. त्याच रात्री पेत्रानेही येशूला तीनदा नाकारलं होतं. तो ढसाढसा रडला, पण शिष्यांत टिकून राहिला, आणि पुढे समुद्रकाठी कोळशाच्या विस्तवाजवळ येशूने त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का?

चौथा माणूस म्हणजे दावीद. नाथान ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हणाला, त्यावर दावीदाचं उत्तर हिब्रूत फक्त दोन शब्दांचं आहे: परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. कारण नाही, बथशेबाचं नाव नाही, युद्धाच्या ताणाचा उल्लेख नाही. पौलाने करिंथकरांना लिहिताना (२ करिंथ ७:१०) दोन दुःखांतला फरक सांगितला आहे: एक देवाकडे वळवतं, दुसरं फक्त मरणाकडे नेतं. पकडलो गेलो याचं दुःख आणि असं वागलो याचं दुःख सुरुवातीला एकमेकांत मिसळलेलंच असतं. तेवढ्यासाठी थांबून राहू नये. मन पूर्ण शुद्ध झाल्यावर कबुली देऊ म्हणणारा कधीच देत नाही.

कागद घेऊन बसा

आधी तयारी. येशूच्या दृष्टांतातल्या उधळ्या पुत्रानेसुद्धा (लूक १५) परत निघण्यापूर्वी वाक्यं ठरवली होती: बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एका मजुरासारखं ठेवा. प्रत्यक्षात बापाने त्याला तिसरं वाक्य बोलूच दिलं नाही, झगा मागवला. तरी पहिली दोन वाक्यं त्याने उच्चारली, आणि ती आधी मनात बांधलेली होती म्हणूनच तोंडून निघाली.

अर्धा ते पाऊण तास एकट्याने बसा, त्याहून जास्त नको. आधी देवाला म्हणा, मला दाखव. मग लिहा. ३२व्या स्तोत्रात पापासाठी तीन वेगळे हिब्रू शब्द आले आहेत आणि ते तपासणीला उपयोगी पडतात. एकाचा अर्थ बंड: माहीत असून केलं ते. दुसऱ्याचा नेम चुकणं: जे करायला हवं होतं ते केलं नाही. तिसऱ्याचा वाकडेपणा: आत काहीतरी पिळवटलेलं आहे, ज्यातून पुन्हा पुन्हा तेच बाहेर येतं. बहुतेक जण पहिल्याचीच यादी करतात. तिसऱ्यापाशी थांबणं अवघड असतं, कारण तिथे लोभ, असूया, भीती अशी मुळं सापडतात.

कृत्य नेमक्या शब्दांत हवं. ‘मी चांगला माणूस नाही’ ही कबुली नव्हे, ते धुकं आहे. ‘गेले आठ महिने हिशेबात खोट्या पावत्या लावून पैसे घेतले, रक्कम अमुक’ ही कबुली. काय केलं, किती वेळा किंवा किती काळ, कोणाचं काय नुकसान झालं, ते झाकायला कोणतं खोटं बोललो, आणि अजून चालू आहे का. शेवटचा प्रश्न टाळू नका.

इथे आपली भाषाच पळवाट काढून देते. ‘माझ्या हातून चूक झाली’, ‘पैसे इकडचे तिकडे झाले’, ‘तोंडातून निघून गेलं’. या वाक्यांत कर्ता म्हणून ‘मी’ नाही. चूक आपोआप झाली, पैसे स्वतःच चालत गेले. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्य तपासा आणि ‘मी केलं’, ‘मी घेतले’, ‘मी बोललो’ असं करा. ५१व्या स्तोत्राच्या पहिल्या तीन ओव्यांत ‘माझे अपराध’, ‘माझी अनीती’, ‘माझं पाप’ असं पाच वेळा येतं. मग ‘पण’ आणि ‘जर’ शोधा. ‘मी ओरडलो, पण तूही…’ यातला ‘पण’ मागचं सगळं पुसतो. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ यातला ‘तर’ दोष समोरच्याच्या भावनेवर ढकलतो.

काम झाल्यावर कागद फाडून किंवा जाळून टाका. तो कुणाच्या हाती लागला तर भलत्याच माणसाला भलत्या वेळी कळेल.

देवाजवळ, पाळकाजवळ की त्या माणसाजवळ?

सगळ्या ख्रिस्ती परंपरा एका गोष्टीवर एकमत आहेत: क्षमा करणारा देव, आणि ती ख्रिस्ताच्या वधस्तंभामुळे. योहानाचं वचन म्हणूनच देवाला ‘विश्वसनीय व न्यायी’ म्हणतं. दयाळू म्हटलं असतं तर आपण समजलो असतो, ‘न्यायी’ का? कारण त्या पापाची किंमत भरलेली आहे, आणि भरलेलं कर्ज दुसऱ्यांदा वसूल करणं अन्याय ठरेल. क्षमा देवाच्या लहरीवर लटकलेली नाही. एकट्याने गुडघे टेकून, वर लिहिलंय तसं मोठ्याने बोलून केलेली कबुली खरी कबुली असते.

माणसाजवळ कबुली देण्याच्या पद्धती मात्र वेगवेगळ्या आहेत. कॅथोलिक चर्चमध्ये तो संस्कार आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या विश्वासणाऱ्याने वर्षातून निदान एकदा कबुली द्यावी असं ठरवलं, आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह सांगायला हवीत हे स्पष्ट केलं. क्रम साधा आहे: क्रूसाची खूण, मागची कबुली कधी दिली ते, मग पापं, धर्मगुरूंचा सल्ला आणि प्रायश्चित्त, पश्चात्तापाची प्रार्थना, आणि मग धर्मगुरू पापमोचनाचे शब्द उच्चारतात. पहिल्यांदा किंवा फार वर्षांनी जात असाल तर सरळ सांगा, ‘फादर, मला पद्धत आठवत नाही’. ते प्रश्न विचारून पुढे नेतात. खरोखर विसरलेलं पाप क्षमेत येतं, पुढच्या वेळी आठवलं तर सांगायचं. जाणूनबुजून एक गंभीर पाप मागे ठेवलं तर मात्र ती कबुलीच ग्राह्य नसते. लपवलेल्या पापाचं ओझं असलेल्याने हे ध्यानात घ्यावं, कारण नेमकं तेच एक गाळून बाकीची दहा सांगण्याचा मोह होतो. आणि कबुलीची मुद्रा: धर्मगुरूने ऐकलेलं कोणत्याही कारणासाठी उघड करता येत नाही. जाणूनबुजून उघड केलं तर तो आपोआप चर्चबाहेर पडतो.

ऑर्थोडॉक्स परंपरेत माणूस ख्रिस्ताच्या प्रतिमेकडे तोंड करून उभा राहतो आणि धर्मगुरू बाजूला, साक्षीदार म्हणून. शेवटी ते आपल्या गळ्यातला पट्टा त्याच्या डोक्यावर ठेवून प्रार्थना करतात. इथेही शेवटी पांघरूणच. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लूथरने खासगी कबुली मोडीत काढली असा समज आहे, तो चुकीचा. लूथरपंथीयांच्या १५३०च्या श्रद्धा-जाहीरनाम्यात, ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, ती ठेवलेली आहे, फक्त सगळ्या पापांची मोजदाद सक्तीची नाही. अँग्लिकन चर्चच्या रोजच्या सकाळच्या उपासनेत १५५२ पासून सामुदायिक कबुलीची प्रार्थना आहे. इव्हँजेलिकल मंडळ्यांत देवाजवळ थेट कबुली आणि जोडीला याकोबाच्या पत्रातलं (५:१६) ‘एकमेकांजवळ पापे कबूल करा’ हे पाळलं जातं, निदान पाळायला हवं. आमचं प्रामाणिक मत असं की वर्षानुवर्षं लपवलेलं पाप फक्त देवाजवळ सांगून बहुतेकांचं सुटत नाही. देव कमी पडतो म्हणून नाही. गुप्तता हीच त्या पापाची जमीन असते, आणि दुसऱ्या एका माणसाच्या कानावर पडलं की ती जमीन सुटते.

तो माणूस निवडताना काही गोष्टी पाहा. विश्वासात परिपक्व, शक्यतो तुमच्याच लिंगाचा, दुसऱ्यांच्या गोष्टी तुमच्याजवळ न सांगणारा (जो सांगतो तो तुमचीही सांगेल), आणि त्या प्रकरणात स्वतः न अडकलेला. पाप ऐकून हसण्यावारी नेणारा नको आणि दचकणाराही नको.

कबुलीचं वर्तुळ पापाच्या वर्तुळाएवढंच असावं. मनातल्या विचाराचं पाप असेल तर देव आणि तो एक विश्वासू. एखाद्या माणसाविरुद्ध असेल तर तो माणूसही. मंडळीसमोर खोटं बोललात तर मंडळीसमोर. वर्तुळ लहान केलं की झाकपाक, मोठं केलं की निष्पापांना जखम. एखाद्याविषयी मनात असूया किंवा वासना होती आणि त्याला पत्ताच नव्हता, तर त्याच्याकडे जाऊन ‘मला माफ कर’ म्हणू नका. आपलं ओझं उतरतं आणि त्याच्या डोक्यावर चढतं.

व्यभिचार जोडीदाराला सांगण्याआधी पाळक किंवा समुपदेशकाशी बोला, नातं आधी पूर्ण तोडा, आणि लैंगिक संसर्गाची तपासणी करून घ्या. जोडीदाराच्या आरोग्याचा प्रश्न आहे. मग सगळं एकाच वेळी सांगा. काय, कोण, किती काळ, संपलं का. शरीराची वर्णनं नकोत, ती मनातून कधी जात नाहीत. सगळ्यात जास्त नासाडी होते ती हप्त्याहप्त्याने सांगण्याने: आधी ‘फक्त बोलायचो’, महिन्याने ‘एकदा भेटलो’, मग आणखी काही. दर हप्त्याला जुनी कबुलीही खोटी ठरते, आणि ज्याला सांगितलं तो पुढचं काहीच खरं मानत नाही.

पाप कायद्याने गुन्हा असेल, विशेषतः लहान मुलावर किंवा कुणा दुबळ्यावर अत्याचार असेल, तर प्रार्थनेवर विषय मिटत नाही. ज्याने केलं त्याने स्वतः कायद्यापुढे जायला हवं, मूल आधी सुरक्षित व्हायला हवं. मंडळीच्या नावाला बट्टा नको म्हणून यावर घातलेलं पांघरूण हे दुसरं पाप.

पाचवा हिस्सा वर

लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात फसवणुकीचा हिशेब दिला आहे: मुद्दल पूर्ण, वर पाचवा हिस्सा. ५००० घेतले तर ६००० द्यायचे. आणि ज्या दिवशी अर्पण त्याच दिवशी भरपाई. येशूनेही तोच क्रम सांगितला (मत्तय ५:२३-२४): वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. ज्याचं घेतलं तो हयात नसेल तर जवळच्या नातलगाला, तोही नसेल तर याजकाकडे, असं गणना पुस्तकात (५:८) आहे. आजही हाच मार्ग: वारसांना द्या, वारस सापडत नसतील तर गरजूंना.

याने क्षमा विकत घेतली जाते का? जकातदार जक्कयाचा (लूक १९) क्रम पाहा. येशू आधी त्याच्या घरी गेला. चौपट परत करीन हे जक्कय त्यानंतर म्हणाला. भरपाई क्षमेच्या मागून येते, पण येते. बदनामीची भरपाई पैशांत होत नाही. ज्या ज्या माणसांजवळ खोटं सांगितलं त्या प्रत्येकाकडे जाऊन ते खोटं होतं असं सांगावं लागतं. ही यादी कागदावर करा, नाहीतर निम्मी सुटते.

समोरचा लगेच माफ करेलच असं नाही. ‘मी तुझ्यापुढे पाप कबूल करतो, क्षमा मागतो’ एवढं म्हणून थांबा. ‘देवाने मला माफ केलं, आता तूही कर’ असं कधीही म्हणू नका. देवाची क्षमा, माणसाची क्षमा, पुन्हा बसलेला विश्वास आणि कृत्याचे परिणाम या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच दिवशी येत नाहीत. दावीदाला क्षमा त्याच क्षणी मिळाली, पण त्याच्या घरातली तलवार, म्हणजे मुलांमधले खून आणि बंड, पुढे कित्येक वर्षं थांबली नाही. दावीदाच्याच ५१व्या स्तोत्रातलं ‘तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलं’ हे उरीयाचा हिशेब टाळायला वापरू नये. देवाच्या प्रतिमेतल्या माणसाला मारलं म्हणून ते देवाविरुद्ध झालं.

कबूल केलं, तरी मन शांत होत नाही

याची दोन कारणं असतात आणि दोन्हींवर उपाय उलटे आहेत. पहिलं, काहीतरी अजून मागे ठेवलंय किंवा ते कृत्य अजून चालू आहे. नीतिसूत्रांत (२८:१३) कबूल करण्याबरोबरच सोडून देणंही आहे. फोनमधला नंबर, लपवलेलं खातं, ती वाट, हे आजच काढायचं. दुसरं, सगळं सांगून झालंय, पण मन तेच पुन्हा पुन्हा उकरतं. जेसुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला स्पेनमधल्या मनरेसात असताना, १५२२च्या सुमारास, याच यातनेत होते. एकदा कबूल केलेलं पुन्हा पुन्हा कबूल करत राहायचे. लूथरही तरुणपणी तासन्‌तास कबुली देत बसायचे. अशा माणसाने आणखी कबुली देऊ नये. एकच कबुली ऐकणारा ठरवावा, तो जुनं उकरू नको म्हणाला की ऐकावं, आणि विचार दिवसभर थांबतच नसतील तर मानसोपचार डॉक्टरांना भेटावं. तो आजार असू शकतो, विश्वासाची कमतरता नव्हे. ‘आपलं अंतःकरण आपल्याला दोषी ठरवतं तेव्हाही देव अंतःकरणापेक्षा मोठा आहे’, असं योहान लिहितो (१ योहान ३:२०).

कुणी तुमच्यापुढे कबुली द्यायला बसलं असेल तर मध्येच ‘अरे, सगळ्यांचंच होतं असं’ म्हणू नका. त्याने जे प्रयत्नाने जड केलं ते तुम्ही हलकं करता. पूर्ण ऐका. कुतूहलाचे प्रश्न नकोत. विचारायचं तेवढं एक की आणखी काही आहे का, आणि उत्तराला वेळ द्यायचा. बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच बाहेर येते. मग क्षमेचं ते वचन (१ योहान १:९) त्याला ऐकू जाईल असं वाचा, नाव घेऊन सांगा की ख्रिस्तामध्ये तुझ्या या पापाची क्षमा झाली आहे. आणि आठवड्याने, न चुकता, फोन करा.